मदत हवी आहे : थँक्सगिव्हिंगच्या दौडीत सासूबाईंना चालता येईल का?

सर्वांना सप्रेम नमस्कार. नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी, म्हणजे थँक्सगिव्हिंग या अमेरिकी सणाच्या सकाळी, कॅलिफोर्नियातील सॅन होजे शहराच्या मध्यवस्तीत होणाऱ्या ‘सिलिकॉन व्हॅली टर्की ट्रॉट’ या दौडीमध्ये यंदा सहकुटुंब भाग घेण्याचा आमचा विचार आहे. या दौडीतून मिळणारा निधी ज्या संस्थांना जातो, त्यांत सांता क्लारा आणि सॅन मटेओ या दोन्ही काउंटींतील (जिल्ह्यांतील) गरजू कुटुंबांना मोफत धान्य व भाजीपाला पुरवणारी ‘सेकंड हार्वेस्ट’ ही अन्नपेढीही आहे. एवढ्या श्रीमंत भागात घरभाडे भरल्यावर किराण्याला पैसे उरत नाहीत, हे साताऱ्याहून आलेल्या माझ्या सासूबाईंना प्रथम खरेच वाटेना. आता मात्र त्यांनाच ५ किलोमीटर चालायचे आहे, आणि तेही नऊवारीत!

त्या ६८ वर्षांच्या असून रोज तासभर चालतात. मात्र धावणाऱ्यांच्या गर्दीत संथ चालणाऱ्यांना मागून वेगळे सोडतात का, आणि रस्ते वाहतुकीला खुले होण्यापूर्वी मार्ग पूर्ण करण्याचे दडपण येते का, हे पूर्वी सहभागी झालेल्यांनी कृपया सांगावे. शिवाय नोंदणी शुल्कातील काही रक्कम बंदोबस्त आणि टी-शर्टवर खर्च होणे स्वाभाविक असल्याने, अन्नपेढीला वेगळी देणगीही थेट द्यावी असे मला वाटते. आपण काय करता?