मदत हवी आहे: बूट पार्टिशन भरल्यामुळे लिनक्सचे अपडेट अर्धवट थांबते

नमस्कार. माझ्या लॅपटॉपवरील उबुंटूची (लिनक्सचा एक प्रकार) संपूर्ण डिस्क एन्क्रिप्ट (सांकेतिक रूपात कुलूपबंद) केलेली असल्यामुळे बूटसाठी, म्हणजे लॅपटॉप सुरू होण्यासाठी लागणाऱ्या फाइलींसाठी, वेगळे, लहान पार्टिशन (डिस्कचा भाग) आहे. अपडेट करताना नवा कर्नल (प्रणालीचा गाभा) उतरतो, परंतु इनिटरॅमएफएस (कर्नल सुरू होताना लागणारी फाइल) तयार होत असताना जागा शिल्लक नसल्याचा संदेश येतो आणि त्यानंतर दुसरे कोणतेही पॅकेज बसत नाही. एपीटी ऑटोरिमूव्ह (गरज नसलेली पॅकेजेस काढणारी आज्ञा) हीसुद्धा आधीचे अपूर्ण काम पुरे करण्याच्या प्रयत्नात तिथेच अडते. चालू कर्नल कोणता, हे युनेम आज्ञेने पाहून ठेवले आहे.

जुन्या कर्नलची इनिटरॅमएफएस फाइल दुसरीकडे हलवून जागा करावी, की डीपीकेजीने (पॅकेजेस बसवण्या-काढण्याचे साधन) त्या कर्नलचे पॅकेजच काढावे? वडिलांच्या उपचारांची कागदपत्रे यावर असल्याने (प्रत घेतली आहे) लॅपटॉप बंद पडण्याची धास्ती वाटते. कृपया आज्ञांचा नेमका क्रम सांगावा.