सई: नावाचा अर्थ, मूळ आणि कागदोपत्री होणारा घोळ

शततारका_कन्या विचारतात:

मुलीचं नाव 'सई' ठेवायचं जवळपास पक्कं झालंय. जन्माची नोंद झाली आहे, पण दाखल्यावर नावाची जागा अजून कोरी आहे, त्यामुळे बदलायला वाव आहे. नावांच्या संकेतस्थळांवर एकीकडे 'मैत्रीण', दुसरीकडे 'फूल', तिसरीकडे 'देवी' आणि एका ठिकाणी चक्क 'नदी' असा अर्थ दिलाय. यातला खरा कुठला? सईबाईंपासून आलेलं नाव आहे का हे? शिवाय हल्ली ते इतकं कानावर येतंय की एका वर्गात तीन सया होतील अशी धास्ती वाटते. ते मोजायचा काही मार्ग आहे का? इंग्रजीत एस-ए-आय लिहिलं की निम्मे लोक 'साई' वाचतात, त्याचं काय करायचं? पत्रिकेत अक्षर 'सा' आलंय, त्याला 'सई' चालतं का, हेही कोणी सांगा.

बखरवाचक:

अर्थ 'मैत्रीण'. बाकीचे सोडून द्या.

संस्कृत 'सखी', प्राकृत 'सही', मराठी 'सई' असा सरळ प्रवास आहे. दोन स्वरांच्या मधल्या ख, घ, थ, ध, भ यांचा प्राकृतात बहुतेक वेळा 'ह' होतो. दधिचं दही झालं, गोधूमाचा गहू झाला, लिख् धातूवरून लिहिणं आलं, ते याच वाटेनं. पुढे तो 'ह'सुद्धा बोलताना विरतो. 'दही'चा 'दई' असा उच्चार आजही सर्रास होतो, तशीच 'सही'ची 'सई' झाली. हाल सातवाहनाच्या नावावर असलेल्या गाथासप्तशतीत, म्हणजे महाराष्ट्री प्राकृतात, बाई मैत्रिणीशी बोलताना 'सहि' अशीच हाक मारते. आता त्या ग्रंथाचं प्राकृत नाव 'गाहासत्तसई', पण त्यातली 'सई' ही 'शती'चं रूप आहे, तिचा या नावाशी संबंध नाही. त्यावरून कुणी 'सई म्हणजे शंभर' असं सांगितलं तर हसून सोडून द्या.

नदीचा अर्थ अगदीच हवेतला नाही. उत्तर प्रदेशात सई नावाची नदी खरोखर आहे, ती गोमतीला मिळते, रामचरितमानसात तिचा उल्लेख येतो. जुनं नाव स्यंदिका. पण मराठी नावाचा उगम तिथे नाही. 'फूल' हा अर्थ बहुधा जाई-जुईच्या पंगतीला बसल्यामुळे चिकटला. 'देवी' हा तर संकेतस्थळांचा हातखंडा, अर्थ सापडला नाही की देवी.

'सय' हा आणखी वेगळा शब्द, आठवण या अर्थाचा. त्याची रूपं 'सयीनं', 'सयी' अशी होतात. 'सई'ची 'सईनं', 'सईला'. संबोधनात मात्र 'सये' आणि अनेकवचनात 'सया', 'सयांनो' ही रूपं ओव्यांमधून आणि गाण्यांमधून रुळलेली आहेत.

सईबाई फलटणच्या निंबाळकर घराण्यातल्या, शिवाजी महाराजांच्या पहिल्या पत्नी आणि संभाजी महाराजांच्या आई. १६५९ साली राजगडावर त्यांचं निधन झालं, पायथ्याच्या पाल गावात समाधी आहे. त्यांच्या एका मुलीचं नाव सखूबाई. आई सई आणि लेक सखू, दोन्ही एकाच 'सखी'ची रूपं. म्हणजे त्या काळी या शब्दाची निदान दोन रूपं नाव म्हणून शेजारी-शेजारी नांदत होती. तेव्हा 'सईबाईंपासून आलेलं' असं म्हणण्यापेक्षा 'सईबाईंमुळे लक्षात राहिलेलं' म्हणा.

अक्षराचं उत्तर सोपं आहे. शततारका नक्षत्राच्या चार चरणांची अक्षरं गो, सा, सी, सू, म्हणजे 'सा' दुसऱ्या चरणाचं. नावरसात 'स' आणि 'सा' यांत फरक करत नाहीत. 'सई' चालतं.

यादीबहाद्दर:

मोजण्याबद्दल. इंग्लंड-अमेरिकेत सरकार दरवर्षी बाळांच्या नावांचे आकडे जाहीर करतं, आपल्याकडे तशी यादी निघत नाही. त्यामुळे 'या वर्षीची पहिली दहा नावं' असं जे मराठीत फिरतं ते कुठल्या तरी संकेतस्थळावरच्या शोधांवरून काढलेलं असतं. लोक काय शोधतात आणि दाखल्यावर काय लिहितात यात बरंच अंतर असतं.

स्वतः अंदाज घ्यायचा तर मतदार याद्या हे बरं साधन. प्रत्येक नावापुढे वय असतं, लिंग असतं. एक शहरी आणि एक ग्रामीण असे दोन-तीन भाग घ्या, स्त्रियांची नावं १८ ते २९, ३० ते ४४, ४५ ते ५९ आणि ६० च्या पुढे अशा गटांत मोजा. हल्ली या याद्या चित्ररूपात मिळतात, त्यांत शब्द शोधता येत नाही, नजरेनंच मोजावं लागतं. 'सई', 'सईबाई', 'सयी' आणि चुकून पडलेलं 'साई' यांचे रकाने वेगळे ठेवा. 'साई' दिसलं की लिंग बघितल्याशिवाय मोजू नका.

यात तीन खड्डे आहेत. यादी अठरा पूर्ण झालेल्यांची, म्हणजे आज पाळण्यात काय चाललंय ते तिथे १८ वर्षांनी दिसणार. दुसरा, सदाशिव पेठेतल्या यादीवरून साऱ्या महाराष्ट्राचा निकाल लावायचा मोह होतो. तिसरा सगळ्यांत मोठा: लग्नात नाव बदलण्याची चाल. ताटातल्या तांदळावर अंगठीनं लिहिलेलं नवं नाव पुढे सगळ्या कागदांवर चढायचं. आनंदीबाई जोशी माहेरच्या यमुना, रमाबाई रानडेही माहेरच्या यमुनाच. यादीत दोघींची गणना 'यमुना'त झालीच नसती. म्हणून साठीच्या पुढच्या गटात जी नावं दिसतात ती बाळाला ठेवलेली की सुनेला दिलेली, हे यादी सांगत नाही. सुनेचं नाव निवडताना नवऱ्याच्या नावाशी जुळवायची हौसही असायची, ती भर वेगळीच.

लहान मुलींसाठी शिष्यवृत्ती परीक्षेच्या गुणवत्ता याद्या बघता येतात. त्यात फक्त गुणवंत मुलं असल्यामुळे त्या सगळ्या थरांचं चित्र दाखवत नाहीत, पण मतदार यादीपेक्षा काही वर्षांनी ताज्या असतात.

ढोबळ थर सांगायचे तर आधी गंगा, गोदावरी, सीता, मग मालती, कुसुम, सुमन, मग अलका, मंगल, सुनीता, संगीता, त्यानंतर अश्विनी, पूजा, प्रियांका. या सगळ्या थरांत 'सई' बारीक धाग्यासारखी आहे, लाट कधीच नव्हती. आज ती वर आली आहे ती इरा, ओवी, मीरा, अन्वी या दोन अक्षरी नावांच्या ताफ्यात. तीन सयांची भीती शहरी मराठी शाळेत अगदीच अनाठायी नाही, पण 'पूजा'नं एकेकाळी वर्ग जसे भरले होते तसं काही होणार नाही. आता आवड खूप नावांत विभागली गेली आहे.

माझं मत: ही चढण इतिहासाची नाही, नादाची आहे. सोयराबाई, पुतळाबाई, सकवारबाई त्याच घरातल्या, त्यांची नावं कुणी ठेवत नाही. 'सखू'चा अर्थ तर हुबेहूब तोच, शिवाय कऱ्हाडच्या संत सखूची पुण्याई मागे. तरी ते नाव गावंढळ ठरून गेलं. 'सई' परत आली आणि 'सखी' नव्यानं रुजू झाली. अर्थ एक, नशिबं तीन.

खिडकी_क्र_३:

स्पेलिंग आणि दाखल्याचं बोलतो, कारण पुढची वीस वर्षं त्रास तिथून होतो.

नाव घालायला वेळ आहे. जन्माची नोंद २१ दिवसांत, आणि नावाशिवाय झालेल्या नोंदीत नाव नोंदीपासून १२ महिन्यांपर्यंत विनाशुल्क घालता येतं. त्यानंतर १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. पण तेवढं थांबू नका. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेशापासून वाहन परवान्यापर्यंत जन्मतारखेचा पुरावा म्हणजे जन्मदाखला. म्हणजे त्यावरचं स्पेलिंगच पुढे सगळीकडे जाणार. १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांच्या महाराष्ट्रातल्या कागदपत्रांत मुलीचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असा क्रम असतो, तोही एकदाच नीट ठरवून घ्या.

आता पर्याय.

एस-ए-आय: सई परांजपे, सई ताम्हणकर असंच लिहितात. महाराष्ट्रात ओळखीमुळे खपून जातं. बाहेर 'साई' होणारच. तेलुगू भागात 'साई' मुलाचं आणि मुलीचं दोघांचं नाव असतं, त्यामुळे लिंगाच्या रकान्यात चूक पडायचीही शक्यता.

एस-ए-ई-ई: माझी पसंती. दुहेरी ई म्हणजे दीर्घ ई हा संकेत आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे, आणि 'साई'शी गल्लत होत नाही. धोका एकच, टंकताना एक ई गळतो आणि 'से' उरतं.

एस-ए-वाय-आय: नको. 'सायी' वाचलं जातं.

कुठलंही घ्या, पण फॉर्मवर मोठ्या सुट्या अक्षरांत लिहा आणि दाखला हातात आल्यावर देवनागरी आणि रोमन दोन्ही ओळी खिडकीवरच वाचा. देवनागरीत 'साई' किंवा ऱ्हस्व 'सइ' पडलेलं असतं. लेखनातली चूक जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या कलम १५ खाली निबंधक दुरुस्त करू शकतो, समासात नोंद करून. पण नोंदवलेलं नाव बदलून दुसरंच हवं असेल तर ती 'चूक' धरली जात नाही, मग राजपत्रात नावबदल जाहीर करण्याचा रस्ता.

शततारका_कन्या:

खूप उपयोग झाला. आधारचं काय? तिथे मराठी नाव आपोआप येतं ना?

खिडकी_क्र_३:

येतं, आणि तिथेच घात होतो. ऑपरेटर इंग्रजी टंकतो, मराठी रकाना यंत्र भरतं. एस-ए-आय टंकलं की 'साई' यायचंच, आणि दुहेरी ई असली तरी 'साई' पडू शकतं. मराठी रकाना हातानं सुधारता येतो, पण तसं सांगावं लागतं. पोचपावती छापायच्या आधी पडदा तुमच्याकडे वळवून घ्या. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, त्यातली एक संधी वेलांटीवर घालवू नका. पाच वर्षांखालच्या मुलांचे ठसे घेत नाहीत, ते पाचव्या आणि पंधराव्या वर्षी अद्ययावत करायचे असतात. त्या दोन्ही खेपांना नावाच्या दोन्ही ओळी पुन्हा वाचा.

ओवीकर:

स्पेलिंगवर थोडा विरोध. मुलगी परदेशात गेली तर एस-ए-ई-ई पाहून तिथली माणसं 'सी' म्हणतील, कारण त्यांच्या लेखी मधला ए नुसता शोभेचा. मध्ये वाय घालून एस-ए-वाय-ई-ई केलं तर निदान दोन अवयव ऐकू येतात, 'सेयी' का होईना. उच्चाराच्या जवळ तेच.

आणि यादीबहाद्दर, नादाचं पटलं, पण इतिहास एकदम बाजूला काढू नका. 'जिजा' आणि 'येसू' ही नावंही अलीकडे कानावर येतात. ती दोन अक्षरी आहेत हे खरं, पण तशी तर 'ठकी'ही दोन अक्षरी आहे.

यादीबहाद्दर:

'ठकी'वर निरुत्तर. इतिहास चाळणी लावतो, नाद निवड करतो, इतपत मान्य.

खिडकी_क्र_३:

वाय घातलेलंही चालेल, फक्त मग सगळीकडे तेच. शाळेत प्रवेश घेताना जनरल रजिस्टरमध्ये काय चढलं ते विचारा. शाळा सोडल्याचा दाखला त्यावरूनच निघतो आणि दहावीच्या परीक्षेचं नावही. मुलगी शाळेत असेपर्यंत मुख्याध्यापकांमार्फत शिक्षणाधिकाऱ्यांची मंजुरी घेऊन दुरुस्ती होते, शाळा सोडल्यावर फार जड जातं. दहावीला बोर्डाकडून शाळेत प्री-लिस्ट, म्हणजे परीक्षार्थींची तपासायची यादी येते, तिच्यावर सही करायच्या आधी एकेक अक्षर ताडून पाहायचं.