ऑलिअरचा कॅल्शियमशी संबंध नाही

ताई, तुमच्या मुलीला ऑलिअर हा हाडांचा आजार निघाल्याचं तुम्ही लिहिलंय, आणि त्यावर इथे वरच्या एका उत्तरात कुणीतरी कॅल्शियम वाढवायला सांगितलंय. कृपया त्यावर विसंबू नका. हा आजार कॅल्शियम कमी पडल्याने होत नाही. यात हाडांच्या आत कूर्चेच्या (कानात असते तशा लवचिक, मऊ हाडाच्या) गाठी होतात, बहुधा शरीराच्या एका बाजूला जास्त. बहुतेकांत आयडीएच१ किंवा आयडीएच२ जनुकात काही पेशींपुरता बदल झालेला असतो, आणि तो आईवडिलांकडून आलेला नसतो. म्हणून सासूबाई तुम्हाला बोल लावत असल्या तरी यात तुमचा दोष नाही.

माझ्या भाच्याचं निदान परळला झालं. आधी दिसलं ते एवढंच, की शाळेच्या पँटचा डावा पाय जमिनीला घासून फाटायचा. तो पाय आखूड होता. आता दादरच्या मोच्याने डाव्या बुटाला जाड तळ लावून दिलाय, स्टेशनचा जिना भराभर चढतो. दोन पायांच्या लांबीतला फरक वाढीच्या वयात वाढत जातो, तो नियमित मोजून घ्या. लागलंच तर हाड लांबवण्याची शस्त्रक्रिया असते.

एक मात्र हलक्यात घेऊ नका. गाठी साध्या असल्या तरी मोठेपणी एखादीचा कर्करोग होऊ शकतो. वाढ थांबल्यावरही गाठ मोठी होत असेल किंवा विनाकारण ठणकत असेल, तर लगेच हाडांच्या ट्यूमरच्या डॉक्टरांना दाखवा. जुने एक्स-रे रद्दीत घालू नका, तुलनेला तेच लागतात.