ढकलायच्या जुन्या लॉनमोअरचं चाक डगडगतंय, पार्ट कसे मिळवायचे? (कोल्हापूर)

रुईकर_कॉलनी
१६ इंची, हाताने ढकलायचा लॉनमोअर आहे. मोटर नाही, पाच पात्यांचा रोल आहे. दोन्ही चाकं बिडाची, आतून दाते असलेली. उजवं चाक एक्सलवर डगडगतं आणि ढकलताना त्याच बाजूने कटकट आवाज येऊन रोल मध्येच थांबतो. कंपनीचं नाव झिजलंय, ‘मेड इन इंग्लंड’ एवढंच वाचता येतं. चाक बदलावं लागेल का? लक्ष्मीपुरीत ट्रॉलीची चाकं मिळतात, ती बसतील का?

लेथ_उद्यमनगर
ट्रॉलीचं चाक चालणार नाही. ढकलायच्या मोटरवाल्या मोअरची चाकं नुसती फिरतात, तिथे बोल्टच्या मापाचं कुठलंही चाक बसतं. तुमच्या यंत्रात चाकच पाती फिरवतं. चाकाच्या आतल्या दात्यांत पिनियन नावाचं छोटं दातेरी चाक बसतं. पिनियनच्या पोटात रोलच्या शाफ्टची खाच असते आणि त्या खाचेत पट्टीसारखी चावी सरकते, तिला पॉल म्हणतात. पुढे ढकललं की पॉल अडकून रोल फिरतो, मागे ओढलं की सुटतो. सायकलच्या फ्रीव्हीलसारखंच काम.

म्हणून पार्ट शोधायच्या आधी उघडून बघा. बऱ्याचदा पॉल झिजलेला नसतोच, जुनं घट्ट ग्रीस आणि गवताचा चोथा साचून खाचेत चिकटलेला असतो. डिझेलने धुवा, शाफ्ट हाताने फिरवा, पॉल आपल्या वजनाने खाली घसरला पाहिजे. तिथे परत ग्रीस भरू नका, शिलाई मशीनचं तेल दोन थेंब पुरे.

उघडताना डावा आणि उजवा पिनियन वेगळे ठेवा. त्यांच्या आतल्या, पॉल अडकायच्या खाचा एकमेकांच्या उलट दिशेच्या असतात. अदलाबदल झाली तर यंत्र मागे ओढताना कापायला लागेल. काही यंत्रांत एका बाजूच्या नटाचे आटे उलटे असतात, सुटत नाही म्हणून पान्याला पाइप लावून जोर करू नका.

व्हर्नियरने मापं टाका: पिनियनचे दाते आणि बाहेरचा व्यास, एक्सल झिजलेल्या आणि कोऱ्या जागी, हबचं (चाकाच्या मधल्या भागाचं) भोक.

रुईकर_कॉलनी
धुऊन बघितलं. पिनियन १२ दाते, व्यास २९.६ मिमी. एक्सल कोऱ्या जागी १२.७, झिजलेल्या जागी १२.४. जुना बुश (हबच्या भोकातली धातूची नळी) आतून १३.५ पर्यंत मोठा झालाय. पॉलची दोन्ही टोकं गोल झालीत.

लेथ_उद्यमनगर
मग चाक बदलू नका. एक मिलीमीटरच्या आसपास ढिलाई आहे. तेवढ्या ढिलाईने चाक पिनियनपासून सरकतं, दाते अर्धेच भिडतात. कटकट तिथूनही येत असणार, एकट्या पॉलमुळे नाही.

बुश: गनमेटलचा (तांब्याच्या मिश्रधातूचा) करून घ्या. हबचं भोक मोजून बाहेरचा व्यास त्यापेक्षा ०.०२ ते ०.०३ मिमी जास्त ठेवा आणि व्हाइसमध्ये दाबून बसवा. हातोडीने ठोकलंत तर बिडाचा हब तडकतो. दाबल्यावर आतलं भोक थोडं आवळतं, म्हणून रीमर (भोक नेमक्या मापाचं करायचं हत्यार) बुश बसवल्यानंतरच मारायचा. शेवटचं माप १२.७८ च्या आसपास. तयार मिळणारा तेल मुरवलेला बुश घेतला तर त्याला आतून रीमर मारू नका, छिद्रं बुजतात आणि तेल बाहेर येत नाही.

एक्सल: हा स्थिर असतो, यंत्राचं वजन पेलत फक्त खालच्या अंगाला झिजतो. सुटा होत असेल तर अर्धा फेरा फिरवून कोरी बाजू खाली घ्या. होत नसेल किंवा वरही खड्डा असेल तर अर्ध्या इंची ब्राइट बारमधून (गुळगुळीत, नेमक्या मापाच्या सळईतून) नवा करा. १२ मिमीचा बार ‘चालेल’ म्हणून देतील, घेऊ नका, तीच डगडग परत येईल.

पॉल: सिल्व्हर स्टीलमधून (कडक करता येणारं हत्यारांचं स्टील), जुन्याची जाडी आणि रुंदी बघून. खाचेत हलका सरकला पाहिजे. साध्या लोखंडी पट्टीचा केला तर टोकं लवकर गोल होतात. लाल तापवून पाण्यात विझवल्यावर गवती पिवळा रंग येईपर्यंत परत तापवा, नाहीतर ठिसूळ राहून तुटेल.

पिनियन: दाते शाबूत असतील तर तोच वापरा. नवाच करायची वेळ आली तर हिशोब असा: २९.६ भागिले (१२ + २), म्हणजे २.११. हा मॉड्यूल २ (दात्यांचं मिलिमीटरमधलं माप) नाही, १२ डीपी म्हणजे डायमेट्रल पिच आहे, दात्यांच्या मापाची जुनी इंची पद्धत. गिअर कापणाऱ्याला ‘१२ डीपी’ असं स्पष्ट सांगा. मॉड्यूल २ च्या कटरने कापला तर चाकात बसल्यासारखा वाटेल, पण दाते घासत राहतील.

मोअर_दुरुस्ती
नायलॉनचा बुश स्वस्तात होतो म्हणून कुणी सुचवेल. कोल्हापूरच्या पावसाळ्यात नायलॉन ओल धरून फुगतो आणि नेमका गवत वाढायच्या महिन्यांत चाक जाम होतं. प्लास्टिकच हवं असेल तर डेल्रिन घ्या, तो ओल फारच कमी धरतो.

एक्सलचा नट हरवला तर आटे आधी तपासा. अर्ध्या इंची बोल्टवर जुन्या ब्रिटिश व्हिटवर्थ पद्धतीचे इंचाला १२ आटे, अमेरिकन यूएनसीचे १३. चुकीचा नट दोन फेरे जातो म्हणून पान्याने आवळला तर आटे खाऊन टाकतो.

बीडकाम_शिरोली
पुढे कधी चाकच तुटलं तर: आरा तडकला असेल तर पितळेचं ब्रेझिंग (पितळ वितळवून जोडणं) करून घ्या. साध्या वेल्डिंग रॉडने शेजारी नवी चीर जाते. जोडल्यावर राखेत गाडून सावकाश थंड होऊ द्या, पाणी अजिबात मारू नका.

जुनं चाकच पॅटर्न (ओतकामाचा नमुना) म्हणून वापरून नवं ओतून घ्यायचा मोह होतो. बीड थंड होताना साधारण एक टक्का आकसतं, म्हणजे २०० मिमीचं चाक दोन मिमी लहान येतं आणि आतले दाते पिनियनला जुळत नाहीत. वेगळा पॅटर्न करावा लागतो, तो एका चाकासाठी परवडत नाही. त्यापेक्षा त्याच मापाचं भंगारातलं दुसरं यंत्र शोधा. घेताना आतले दाते मोजा आणि पिनियन सोबत नेऊन फिरवून बघा.

लेथ_उद्यमनगर
चाक बसवल्यावर नटाखालचा वॉशर विसरू नका. आडवी ढिलाई अर्धा मिमी ठेवा, त्याहून घट्ट केलंत तर हब साइड प्लेटला घासतो. मग रोलखालचं स्थिर पातं परत सेट करा, कारण उजवी बाजू आता वर उचलली जाईल. वर्तमानपत्राची पट्टी दोन्ही टोकांना आणि मध्ये सारखी कापली गेली पाहिजे.