ग्रेडिंगच्या कागदावर सही केली नाही. चुकलो का?

कुर्टीकर (फोंडा)
12 वर्षं ज्या संस्थेसाठी कराटे शिकवलं, ती गेल्या महिन्यात सोडली. ग्रेडिंगला, म्हणजे बेल्टच्या परीक्षेला, 15 मुलं बसली होती. त्यातली 4 यलो बेल्टला तयार नव्हती. वरून निरोप आला की फी जमा झाली आहे, बेल्ट मागवून झालेत, सही करा. मी 11 नावांपुढे सही केली आणि 4 जागा रिकाम्या ठेवल्या. दुसऱ्या दिवशी शाळेच्या हॉलची किल्ली परत मागून घेतली. आता घरच्या अंगणात 6 मुलं येतात.

तयार नव्हती म्हणजे काय, ते सांगतो. काता म्हणजे ठरलेल्या हालचालींची मालिका. हेआन शोदान हा शोतोकान या कराटेच्या शैलीतला सुरुवातीचा काता, 21 हालचालींचा. पहिल्या दोन हालचाली डावीकडे होतात आणि लगेच पूर्ण मागे वळायचं असतं. वळताना आधी नजर जायला हवी, मग पाय, मग हात. या चौघांची नजर जमिनीवर होती. पाय कुठे पडतोय ते बघत बघत वळत होती. मागून खरंच कोणी ठोसा मारला असता तर तो त्यांना दिसलाच नसता.

शोतोकानचे जनक फुनाकोशी गिचिन यांनी आपल्या शिकण्याच्या दिवसांबद्दल लिहून ठेवलंय. गुरू आझातो यांच्या परसात रात्रीमागून रात्री एकच काता, कधी कधी महिनेच्या महिने, गुरूंचं समाधान होईपर्यंत. तेवढं मी कोणाकडून मागत नाही. पण ठोसा अडला की नाही, हे पंचाच्या आधी आपल्या मनगटाला कळतं. त्या चौघांचं मला कळलं होतं. कळूनही सही केली असती, तर दुसऱ्या दिवशी मुलांसमोर उभं राहून 'पुन्हा कर' म्हणायला तोंड उरलं नसतं. घरी पैशांची ओढाताण सुरू झालीय, तरी माझं मत बदललेलं नाही. तुम्हाला काय वाटतं?

वरच्या बाजारातली आई
सर, त्या चौघांतला एक माझा. 8 वर्षांचा आहे. तुम्ही सगळ्यांसमोर नावं वाचलीत. घरी आल्यावर त्याने पांढरा बेल्ट गादीखाली सारला आणि आजोबांनी विचारलं तर म्हणाला, हरवला. तीन दिवसांनी चादर बदलताना मला सापडला. इमान तुमचं राहिलं, किंमत त्याने मोजली.

आणि बेल्टचं एवढं सोवळं कशासाठी? काळा बेल्ट ज्युडोचे जनक कानो यांनी आणला. मधले रंग पुढे युरोपात ज्युडो शिकवताना रुजले, शिकणाऱ्याचा हुरूप टिकावा म्हणून. हुरूप यावा म्हणून काढलेली वस्तू तुम्ही देव्हाऱ्यात नेऊन ठेवलीत. संस्थेशी भांडण होतं तर मुलांना पास करून मग राजीनामा द्यायचा होता. मोठ्यांच्या भांडणात पोरं कशाला?

डिचोलीची ज्युडोवाली
ताई, लेकराचं वाचून वाईट वाटलं. पण आधी पास करून मग राजीनामा, हे पटत नाही. खोटी सही शेवटच्या दिवशी केली म्हणून खरी होत नाही.

तरी माझं भांडण कुर्टीकरबाब, तुमच्याशीच आहे. ताई म्हणतात तसं तुम्ही स्वतःशी इमान राखलंत, पण हा 'स्वतः' कोण, ते कोणी तपासलं?

मी चार वर्षं 52 किलोच्या गटात खेळले. अंगाचं खरं वजन 56. स्पर्धेच्या आदल्या रात्री रेनकोटवर स्वेटर चढवून जिने चढायचे, च्युइंगम चघळून सुटलेली लाळ बाटलीत थुंकायची. पाणी फक्त ओठांना लावायचं. कोणी जबरदस्ती केली नव्हती. 'मी 52ची खेळाडू' हे मीच मनात धरून बसले होते आणि त्यालाच निष्ठा म्हणत होते. एका सकाळी काट्यावर 51.9 दिसलं, मी टाळी वाजवली. तासाभराने पहिल्याच लढतीत पडताना हात टेकला आणि खांदा निखळला. उकेमी, म्हणजे नीट पडणं, हे ज्युडोत सगळ्यात आधी शिकवतात. ते मला आलं नाही, कारण अंगात त्राणच नव्हतं. पुढच्या वर्षी 57मध्ये गेले. जास्त हरले, पण पडताना हात टेकला नाही.

जपानी परंपरेत शू, हा, री म्हणतात. आधी पाळा, मग मोडा, मग सोडून पुढे जा. तुम्ही संस्था सोडलीत ती मुलांसाठी किती आणि 'मी तसला मास्तर नाही' या स्वतःच्या चित्रासाठी किती? तुम्ही ज्यांचं नाव घेतलंत त्या फुनाकोशींनीही ओकिनावातून जपानच्या मुख्य भूमीवर आल्यावर बरंच बदललं. पिनान काताचं नाव हेआन केलं, 'चिनी हात' असा अर्थ असलेल्या कराटेची अक्षरं बदलून 'रिकामा हात' केला. त्यांची निष्ठा काही कमी झाली नाही.

पेडण्याचा
तुम्ही बाहेर पडलात, आता त्या हॉलमध्ये दुसरा माणूस येईल आणि 15च्या 15 नावांवर सही करेल. मग बदललं काय? आत राहून भांडायला हवं होतं.

वाळपईकर
आमच्याकडे शिगम्यात घोडेमोडणी असते. कमरेला लाकडी घोडा, हातात तलवार, पायात घुंगरू. तिथे बेल्ट नाही की सर्टिफिकेट नाही. ढोल वाजतो आणि कोणाचं पाऊल चुकलं ते सगळ्या गावाला दिसतं. चुकलेल्या पोराला कोणी घरी पाठवत नाही, पुढच्या वर्षी तो पुन्हा नाचतो. मी सरांच्या बाजूचा आहे. पण परीक्षा घ्यायचीच तर नापास झालेल्याला पुढची तारीख त्याच दिवशी द्यायला हवी होती.

कुर्टीकर (फोंडा)
पेडण्याचे भाऊ, आत राहून दोन वर्षं भांडलो. दर ग्रेडिंगला तेच. मी गप्प बसलो तोवरच मी त्यांना चालत होतो.

ज्युडोवाल्या ताई, तुमचा प्रश्न दोन दिवस डोक्यातून जात नाहीये. खरं सांगतो, सही न करताना मुलांचा विचार होता, पण नावं मोठ्याने वाचताना तो नव्हता. तेव्हा मला संस्थेला दाखवायचं होतं. मुलं समोर उभी होती आणि मी कोणा तिसऱ्याशीच बोलत होतो. ते चुकलं. सहीबद्दल मात्र अजूनही तसं म्हणणार नाही.

ताई, चवथीची सुट्टी संपली की पहिल्या रविवारी सकाळी 7 वाजता त्याला घेऊन या, कुर्टीला, अंगणात. फी नाही. इतर तिघांच्या घरीही आज सांगून आलो. रोज दहा मिनिटं एवढंच करून घ्या: तो वळायच्या आधी तुम्ही मागे उभं राहून बोटं दाखवा, किती ते त्याने बघून सांगायचं आणि मगच पाय उचलायचा. त्या दिवशीही जमलं नाही तर सही करणार नाही. पण त्याला बाजूला घेऊन, एकट्याला सांगेन.