नर्सरीची पारख: कॅमेरे मोजावेत की बाई किती वर्षे टिकल्या ते विचारावे?

पाटीपेन्सिल

गेल्या आठवड्यात या संकेतस्थळावर 'नर्सरी निवडताना तपासायच्या बारा गोष्टी' हे लेखन आले आणि त्याखाली 'फार उपयुक्त', 'जपून ठेवते' अशा प्रतिसादांची रीघ लागली. त्या बारा गोष्टींत वातानुकूलित वर्ग होते, पालकांच्या मोबाइलवर थेट दिसणारा सीसीटीव्ही होता, रोज छायाचित्रे पाठवणारे अ‍ॅप होते, इंग्रजीतून संवाद होता आणि स्नेहसंमेलनाचा थाटसुद्धा होता. वर्गातल्या बाईंचा उल्लेख मात्र एकाही मुद्द्यात नव्हता. त्या काय शिकल्या आहेत, किती मुले सांभाळतात, त्यांच्या हातात किती पगार पडतो, यांपैकी काहीही लेखिकेला विचारावेसे वाटले नाही. प्रतिसाद लिहायला घेतला आणि तो इतका लांबला की वेगळा धागा काढणे भाग पडले.

मी अनेक वर्षे बालवाडीत शिकवले आणि नंतर बालवाडी शिक्षिकांच्या प्रशिक्षणाचे काम केले. तीन ते सहा वर्षांच्या मुलांचे केंद्र चांगले की वाईट हे मुख्यतः तिथल्या मोठ्या माणसांवर ठरते, असे माझे ठाम मत आहे. इमारतीला काही मोल नाही असे मी म्हणत नाही. लहान मुलांचे संगोपन व शिक्षण यांविषयीच्या २०१३च्या राष्ट्रीय धोरणात तीस मुलांमागे किमान ३५ चौरस मीटरचा वर्ग, ३० चौरस मीटर मोकळी जागा आणि वीस मुलांमागे एक मोठे माणूस असावे, असे नोंदवलेले आहे. तीन वर्षांखालील मुलांसाठी तेच प्रमाण दहास एक आहे. सोसायटीच्या तळमजल्यावरील एखाद्या 'ग्लोबल' नर्सरीत टेप घेऊन गेलात, तर या किमान अटींचेही काय होते ते कळेल. परंतु जागा पुरेशी असूनही मुले कोमेजलेली मी पाहिली आहेत, आणि ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी कोसबाडला आदिवासी पाड्यांवरच्या अंगणांत बिया, पाने आणि शिंपले घेऊन ज्या अंगणवाड्या उभ्या केल्या, त्यांसाठी त्यांना वातानुकूलन लागले नव्हते.

म्हणून माझे सांगणे एवढेच आहे की प्रवेशापूर्वी वर्गात तासभर बसू देण्याची विनंती करावी. रडणाऱ्या मुलाजवळ कोण जाते, बाई खाली बसून बोलतात की उभ्यानेच सूचना देतात, प्रश्न विचारल्यावर उत्तरासाठी थांबतात की स्वतःच उत्तर देऊन पुढे जातात, हे पाहावे. भिंतीवर चाळीस सफरचंदे एकाच लाल रंगात, एकाही रेषेबाहेर न जाता रंगवलेली दिसली, तर ती मुलांनी रंगवलेली नाहीत हे ओळखावे. खेळणी मुलांच्या हाताला येतील अशा फळीवर आहेत की कुलूपबंद कपाटात, हेही पाहावे. शेवटी, गेल्या दोन वर्षांत किती शिक्षिका सोडून गेल्या, हे संचालकांना तोंडावर विचारावे.

हिंजवडीकर

ताई, आपल्या अनुभवाचा आदर आहे, परंतु हा सल्ला आपण नेमका कोणाला देत आहात? आम्ही उभयता नोकरी करतो, आणि जिथे जिथे तासभर बसू देण्याची विनंती केली तिथे तिथे 'इतर मुलांच्या सुरक्षेच्या कारणास्तव' ती नाकारण्यात आली. एका ठिकाणी तर फी भरेपर्यंत वर्गाचे दारसुद्धा उघडले नाही. दाखवला तो स्वागतकक्ष, तिथला मत्स्यालयाचा काचपेटा आणि माहितीपत्रक. अशा वेळी पालकाच्या हाती उरतो तो कॅमेराच. माझी मुलगी सकाळी नऊपासून संध्याकाळी सातपर्यंत नर्सरी आणि पाळणाघर मिळून एकाच इमारतीत असते, आणि दुपारी दोन बैठकांच्या मध्ये ती झोपलेली दिसली की पुढचे काम होते. ऑगस्ट २०२४मध्ये बदलापूरला शाळेच्या स्वच्छतागृहात लहान मुलींवर जो अत्याचार झाला, त्यानंतर शाळांमध्ये सीसीटीव्ही बंधनकारक करण्याचा निर्णय शासनाने घेतला तो उगाच नाही. 'बाईंचा स्वभाव पाहा' म्हणणे सोपे आहे; स्वभाव मोजायचा कसा, तेही सांगावे.

सह्यकडा

मूळ प्रश्न कॅमेऱ्याचा नाही आणि बाईंचाही नाही. तो माध्यमाचा आहे. घरात मराठी बोलणाऱ्या तीन वर्षांच्या मुलाला 'मे आय गो टू टॉयलेट' हे वाक्य पाठ होईपर्यंत चड्डी ओली करावी लागते, आणि पालक तेच वाक्य पाहुण्यांसमोर कौतुकाने म्हणून घेतात. माझा भाचा पहिले वर्षभर वर्गात एक शब्दही बोलला नाही आणि नर्सरीने त्याला वाचा-उपचारतज्ज्ञाकडे पाठवले. घरी तो अखंड बडबडत असे. या वयात मातृभाषेतूनच शिक्षण व्हावे असे २०१३चे धोरण सांगते आणि २०२०चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरणही सांगते. मग इंग्रजी नर्सरीचा दर्जा तपासण्याची गरजच काय?

वर्गताई

सह्यकडा, आपला मुद्दा चुकीचा नाही, पण आपण तो पाककृतीच्या धाग्यावरही मांडता. भाच्याची हकीकत मात्र मला पटली, कारण असे गप्प झालेले मूल मी स्वतः वर्गात सांभाळले आहे आणि त्याच्याशी मराठीत बोलल्याबद्दल समज ऐकून घेतली आहे.

हिंजवडीकर यांना उत्तर देते. मी अशाच थेट प्रक्षेपणाखाली काम केले आहे. सुरुवातीला वाटले, आपण काही लपवत नाही, मग बिघडले कुठे? नंतर वर्ग सुरू असतानाच कार्यालयातून निरोप येऊ लागले. अमुकचा डबा संपला नाही, तमुकला मागे का बसवले, माझ्या मुलाच्या हातातली गाडी दुसऱ्याने ओढली तेव्हा तुम्ही कुठे पाहत होता! तीन-चार वर्षांची मुले ओढाओढी करणारच, आणि ती आपसांत कशी मिटते हे पाहत दोन मिनिटे थांबणे हेच आमचे काम असते. पण पडद्यावर ते दुर्लक्ष दिसते. हळूहळू मी माती बंद केली, पाणी बंद केले, घसरगुंडीवर एका वेळी एकच मूल सोडू लागले. मुले रांगेत, हाताची घडी घालून बसली की कोणाचाही फोन येत नसे. चित्र उत्तम दिसत होते, आणि त्या वर्गात मुले काहीच करत नव्हती. मी नोकरी सोडली, त्याचे मुख्य कारण हेच होते.

बदलापूरचे नाव आपण घेतले म्हणून सांगते की स्वच्छतागृहात कॅमेरा नसतो आणि नसावाही. मुलाला तिथे कोण नेते, ती व्यक्ती स्त्री आहे का, तिची पोलीस पडताळणी झाली आहे का, आणि मावशी रजेवर असल्या की त्यांच्या जागी कोण असते, हे प्रश्न विचारा. मी होते तोवर एकाही पालकाने हे विचारले नव्हते. वातानुकूलन किती अंशांवर ठेवता, हे मात्र विचारत.

हिंजवडीकर

म्हणजे पालकांनी डोळे मिटून विश्वास ठेवावा आणि काही घडल्यावर मोर्चा काढावा, असे आपले म्हणणे दिसते. आपल्याला फोनचा त्रास झाला याचे वाईट वाटते, परंतु एका शिक्षिकेची अस्वस्थता आणि माझ्या मुलीची सुरक्षितता एकाच तराजूत घालता येणार नाहीत. बँकेतील रोखपालाच्या डोक्यावरही कॅमेरा असतो. तो नोकरी सोडत नाही.

वर्गताई

रोखपालाला नोटांना कुशीत घ्यावे लागत नाही.

दोनखोल्या

मी उपनगरात एक छोटी नर्सरी चालवतो, तेव्हा या धाग्यावरचा आरोपी मीच आहे असे समजून लिहितो. हिंजवडीकर, आपल्याला वर्गात बसू दिले नाही हे गैर आहे. परंतु पालक काय मागतात तेही ऐका. आम्ही पहिल्या वर्षी पेन्सिल हातात द्यायची नाही असे ठरवले होते; मणी ओवणे, कणीक मळणे, वाळूत बोटांनी रेघा ओढणे एवढेच. दिवाळीपर्यंत कित्येक पालक शेजारच्या नर्सरीत निघून गेले, कारण तिथली मुले एक ते पन्नास लिहीत होती. आज आमच्याकडेही गिरवण्याची वही आहे. ती मला आवडत नाही, पण जागेचे भाडे द्यावे लागते.

शिवाय दर्जा तपासणार कोण? शिक्षण हक्क कायद्याची हमी सहा ते चौदा वयासाठी आहे आणि त्याखालच्या वयासाठी शासनाने व्यवस्था करावी अशी अपेक्षा ११व्या कलमात आहे. पूर्वप्राथमिक प्रवेशांबाबत आपल्या राज्यात १९९६मध्ये कायदा झाला, पण प्रवेशानंतर वर्गात काय चालते हे पाहायला माझ्याकडे आजवर कोणीही आलेले नाही. दुकान-आस्थापनेचा दाखला घेऊन सदनिकेत नर्सरी काढणारे लोक मला ठाऊक आहेत. 'मॉन्टेसरी' हे नाव तर कोणीही पाटीवर लिहू शकतो.

गोदाकाठ

एवढी चर्चा झाली आणि अंगणवाडीचा उल्लेख इतिहासापुरताच आला. मी मराठवाड्यात मुख्यसेविका, म्हणजे अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका आहे. एकात्मिक बालविकास योजना १९७५पासून चालू आहे आणि राज्यात लाखाहून अधिक अंगणवाड्या आहेत, तरीही येथे 'पर्याय' म्हटला की शहरातील खासगी नर्सरीच डोळ्यांसमोर येते.

आमच्याकडे तपासणी भरपूर होते, हे दोनखोल्या यांना कळावे. वजन भरले का, उंची भरली का, पोषण ट्रॅकर या अ‍ॅपवर नोंद झाली का, आहार वाटपाचे छायाचित्र आले का, याचा जाब मी माझ्या बीटमधील, म्हणजे माझ्या देखरेखीखालच्या अंगणवाड्यांतील, प्रत्येक सेविकेला विचारते, कारण वरून मला तोच विचारला जातो. तिने आज कोणती गोष्ट सांगितली, हे विचारणारा रकाना माझ्या रोजच्या कामात नाही. अंगणवाड्यांसाठीचा 'आकार' अभ्यासक्रम चांगला आहे, पण रेंज मिळावी म्हणून सेविका गच्चीवर उभी असेल तर खाली तो राबवणार कोण? २०२३च्या डिसेंबरात मानधनासाठी संप झाला आणि तो जानेवारीतही चालू राहिला, तेव्हा शहरी वाचकांना अंगणवाडी आठवली होती.

तरीही सांगते, माझ्या बीटमध्ये एका तांड्यावर एक सेविका आहे. ती मुलांशी गोरमाटीत, म्हणजे त्यांच्या बंजारा बोलीत बोलते आणि हळूहळू मराठीवर आणते. तिथे पत्र्याची एक खोली आहे आणि बाहेर एक लिंब आहे. मुले तिला सोडून घरी जायला तयार नसतात. माझ्या प्रपत्रात ती अंगणवाडी 'मध्यम' आहे, कारण वजनकाटा बरेच महिने नादुरुस्त होता.

यारातीर

मेलबर्नहून लिहितो. ऑस्ट्रेलियात २०१२पासून राष्ट्रीय दर्जा-मानक लागू आहे. त्याची सात क्षेत्रे आहेत, आणि त्यांत कर्मचाऱ्यांची व्यवस्था व मुलांशी असलेले नाते ही दोन स्वतंत्र क्षेत्रे आहेत. निरीक्षक येतात, वर्गात थांबून पाहतात, आणि 'मानकाकडे वाटचाल', 'मानक पूर्ण', 'मानकापेक्षा वरचढ' अशा श्रेणी देतात. ती श्रेणी केंद्राच्या दर्शनी भागात लावावी लागते. आमच्या व्हिक्टोरिया राज्यात तीन वर्षांखालील चार मुलांमागे एक शिक्षिका असते. तेव्हा स्वभाव मोजता येत नाही, हे हिंजवडीकर यांचे म्हणणे मान्य करता येणार नाही. ठरवले तर बरेच मोजता येते.

मात्र येथे सगळे आलबेल आहे असेही नाही. २०२५मध्ये याच शहरातील एका पाळणाघर-कर्मचाऱ्यावर अत्यंत गंभीर गुन्हे दाखल झाले आणि कॅमेऱ्यांची मागणी येथेही जोरात सुरू झाली. त्याचबरोबर कर्मचारी एका केंद्रातून दुसऱ्या केंद्रात सतत का फिरत राहतात, आणि त्यांची माहिती केंद्रांमध्ये का पोहोचत नाही, हा प्रश्नही निघाला.

हिंजवडीकर

म्हणजे इतकी निरीक्षणे, सात क्षेत्रे आणि दारावर श्रेणी लावूनही अखेर कॅमेराच आठवला. आभारी आहे.

पाटीपेन्सिल

आठवला तो पोलिसांना पुरावा म्हणून, आणि त्या उपयोगाला माझी हरकत नाही. चित्रण जपून ठेवा, जबाबदार व्यक्तीला पाहू द्या, तक्रार आली की काढा. माझा विरोध साठ पालकांच्या साठ मोबाइलवर दिवसभर चालणाऱ्या प्रक्षेपणाला आहे. आपल्या मुलीसोबत वर्गातील इतर सर्व मुलेही त्या पडद्यावर असतात आणि त्यांच्या पालकांना पलीकडून कोण पाहत आहे हे ठाऊक नसते. सुरक्षेचाच विचार करायचा, तर याचाही करा.

वर दर्जा तपासण्याचा विषय निघाला म्हणून लिहिते. आसाम, राजस्थान आणि तेलंगणातील सुमारे चौदा हजार मुलांचा चौथ्या वर्षापासून आठव्या वर्षापर्यंत मागोवा घेणारा अभ्यास २०१७मध्ये प्रसिद्ध झाला. अंगणवाडी असो वा खासगी केंद्र, दोन्हीकडे बहुतेक ठिकाणी जे चालते ते त्या वयाला साजेसे नाही, असे त्यात आढळले. खासगी केंद्रांत तर लेखन, वाचन आणि अंक यांचाच भडिमार होता. दोनखोल्या यांची गिरवण्याची वही त्यातलीच. ती पालकांमुळे आली हे मी मानते, पण शेजाऱ्याकडे पाहून आपणही तेच करायचे असेल, तर पालकांना दोष कशासाठी द्यायचा?

दोनखोल्या

मान्य, ताई. भाडे भरायची वेळ आली की आपल्याला बोलावतो. तोपर्यंत, किती शिक्षिका सोडून गेल्या या आपल्या प्रश्नाचे उत्तर येथेच, कोणी तोंडावर न विचारता देतो. माझ्याकडच्या दोन शिक्षिका सुरुवातीपासून आहेत. बाकीच्या वर्ष-दीड वर्षात जातात, कारण त्याच पदविकेवर मोठ्या शाळेच्या पूर्वप्राथमिक विभागात पगार जवळजवळ दुप्पट मिळतो. मी तेवढा द्यायचा ठरवला तर फी वाढेल. ज्या पालकांना स्वागतकक्षातील मत्स्यालयाऐवजी शिक्षिकेच्या पगाराचे पैसे मोजायचे असतील, त्यांनी खुशाल यावे आणि वर्गात तासभर बसावे.

हिंजवडीकर

थेट प्रक्षेपण दिवसभर नसावे, एवढे मी नाइलाजाने मान्य करतो. इतरांच्या मुलांचा विचार माझ्या मनात आला नव्हता असे नाही, तो गैरसोयीचा होता. कॅमेरा हवाच, हे मत कायम आहे. शिक्षिका किती टिकतात आणि स्वच्छतागृहात मुलांना कोण नेते, हे दोन प्रश्न मी सोमवारी विचारणार आहे, आणि उत्तर टाळले तर तसे येथे लिहीन. दोनखोल्या, आपली नर्सरी कोणत्या भागात आहे आणि पगारवाढ धरून फी किती होईल, ते व्यक्तिगत निरोपात कळवावे.