मदत हवी आहे: ग्रुपमधली सेवा आळीपाळीने कशी देता?

नमस्कार मंडळी. आमचा एए (अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांचा) ग्रुप तालुक्याच्या गावी शाळेच्या खोलीत भरतो. सेक्रेटरी, खजिनदार, जीएसआर (बाहेरच्या सेवा-बैठकांत ग्रुपचा प्रतिनिधी), सगळं एकाच काकांकडे. किल्लीही त्यांच्याकडेच, चहाची साखरही तेच आणतात. माणूस सोन्यासारखा, कुरकुर म्हणून नाही. पण ते परगावी गेले की दाराला कुलूप, आणि कसाबसा धीर करून आलेला नवा माणूस तिथूनच माघारी. तो पुन्हा फिरकेल याची काय खात्री?

बाकीचे सेवेचं नाव काढलं की चपला शोधायला लागतात.

एएच्या बारा परंपरांपैकी चौथ्या परंपरेनुसार ग्रुप स्वायत्त, त्यामुळे तुमच्याकडची रीत सांगा. सेक्रेटरीची मुदत सहा महिने की वर्षभर? किमान किती सोब्रायटी (दारूशिवायचा काळ) बघता? सातव्या परंपरेची थैली (सभासदांनी स्वेच्छेने टाकलेले पैसे) दोघांनी मोजून वहीत सह्या करता का? नव्यांना खुर्च्या लावणं, चहा करणं पहिल्याच आठवड्यात देता का? (माझ्या मते द्यावं. हाताला काम असलं की माणूस टिकतो.)

आणि खरी अडचण: बिझनेस मीटिंगमध्ये हा विषय काकांना न दुखावता कसा काढायचा? कोणी निभावलं असेल तर नाव-गाव न सांगता लिहा.